उनाबाईंचे रिजेक्ट झालेले उच्चार

"सगळे रिजेक्ट? एकाच बाईंचे?" टीमलीड आंद्रेआसने माझ्या स्क्रीनकडे बोट दाखवलं.

"उच्चार प्रमाण नाहीत," मी ठासून सांगितलं.

स्टुटगार्टमध्ये मी गाडीला माणसाचं बोलणं समजावं यासाठीचं सॉफ्टवेअर तपासते. तेव्हा एक रिपोर्ट करायचा होता. जपानी आणि आयर्लंडची स्वतःची भाषा आयरिश, दोन्हींच्या बोलींमध्ये सिस्टिम कुठे अडखळते? जपानीचं सोपं गेलं. तोक्योची भाषा प्रमाण धरायची आणि ओसाकाची बोली तिच्यापासून किती लांब जाते ते मोजायचं. तोच साचा मी आयरिशला लावला. तिच्या मोठ्या बोली तीन. त्यातली पश्चिमेची मी प्रमाण ठरवून टाकली, कारण तिची रेकॉर्डिंग्ज जास्त होती. कुणाला विचारलं नाही.

आयर्लंडच्या उत्तरेकडच्या डोनेगलमधल्या उना या निवृत्त शिक्षिका आम्हाला वाक्यं वाचून पाठवायच्या. मी रिजेक्ट दाबलं की त्यांना आपोआप मेल जायचा, 'उच्चार सदोष, पुन्हा रेकॉर्ड करा.' असे चाळीसेक मेल गेले.

आंद्रेआसने ओसाकाच्या निशिदाला बोलावलं. तो आमच्याच टीममधला.

"तोक्योची भाषा आम्हाला शाळेत शिकवतात," तो म्हणाला. "आयरिशमध्ये लिहिण्याचं प्रमाण आहे, बोलण्याचं नाही. जो तो आपल्या भागातलं बोलतो. या बाई चुकल्या कुठे?"

मी अकोल्याची. पुण्याच्या होस्टेलमध्ये माझ्या वऱ्हाडीला मुली हसल्या, तेव्हा आठवडाभरात मी ती गुंडाळून ठेवली होती. आणि आता त्या मुलींचं काम मी करत होते, तेही बटन दाबून. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"जुनी रेकॉर्डिंग्ज परत घेते," मी म्हणाले.

"कुठून? रिजेक्ट झालेला आवाज तीस दिवसांत पुसायचा. तो केव्हाच गेला. डाटेनशुट्झ!" आंद्रेआस म्हणाला. खासगी माहिती जपण्याचे हे नियम इथे कुणी मोडत नाही.

मी उनाबाईंना फोन केला, माफी मागितली. तुमच्याच बोलीत पुन्हा वाचाल का, म्हणून विचारलं.

"वाचते की," त्या म्हणाल्या.

नवी रेकॉर्डिंग्ज आली. पहिल्या वाक्यापासून पश्चिमेचे उच्चार, घोटून घोटून केलेले. सोबत दोन ओळी होत्या: 'माझ्या पद्धतीने वाचायला गेले की मध्येच वाटतं, हे चुकतंय. आता तरी बरोबर आहे ना?'

डोनेगलचा रकाना रिकामाच राहिला. कारण म्हणून मी आधी 'स्पीकर उपलब्ध नाही' लिहिलं. मग ते खोडून 'तपासणारीची चूक' लिहिलं.

प्रमाण काय, हे आता मी बोलणाऱ्यांना विचारून ठरवते. उनाबाईंना त्याचा काही उपयोग नाही.