जीपचे पाटे काढले तेव्हा

माझं केजला पाट्यांचं दुकान होतं. गाडीच्या मागच्या चाकांपाशी लोखंडी पट्ट्या एकावर एक रचून बांधलेल्या असतात. वजन आलं की त्या लवतात, उतरलं की पुन्हा वर येतात. त्यांना आम्ही पाटे म्हणतो. काळ्या-पिवळ्या जिपा, टेम्पो, ट्रक, सगळ्यांचे पाटे माझ्याकडे यायचे. तुटलेली पट्टी बदलायची, बसलेल्या पाट्याला भट्टीत तापवून परत कमान द्यायची, एवढंच काम. आयुष्यभर तेच केलं. आता दुकान दुसरा माणूस चालवतो. मी सकाळी तिथं जाऊन बसतो.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, प्राथमिक शाळेत मास्तर होता. त्याच्याकडे एक जुनी जीप होती. शेताकडच्या वाटेला दुसरी गाडी चालतच नव्हती, म्हणून ती घेतलेली. वहिनीचं माहेर घाटनांदूरचं. तिची आई तेव्हा अंथरुणाला खिळली होती, त्यामुळे दर आठ-पंधरा दिवसांनी वहिनीला तिकडं जायचं असायचं. पण तिची कंबर धरलेली. पुढं ताठ बसवत नव्हतं म्हणून ती मागच्या बाकावर उशी घेऊन आडवी व्हायची, आणि मागची बाजू तर पाट्यांवर नुसती आदळायची. रिकाम्या जिपेचे पाटे लवतच नाहीत. ते भरलेल्या गाडीसाठी असतात.

ती मला म्हणायची, "भावजी, सगळ्या तालुक्याच्या गाड्या तुमी नीट करता, आन् घरची वहिनी खडखडत जाती. लोक काय म्हनतील?"

मी म्हणायचो, "मागं दहा माणसं बसवा, मग बघा गाडी कशी पाळण्यावानी चालती."

"माझ्या अंगावर बसवू काय धा मानसं?"

हे दर खेपेला व्हायचं. हसण्यावारी जायचं. मग एकदा ती घाटनांदूरहून आली ती उतरूच शकेना. दादानं आणि मी तिला धरून आत नेलं. त्या खेपेला ती हसली नाही. त्याच आठवड्यात मी ठरवलं की दादाच्या जिपेचे पाटे काढायचे आणि तिथं कॉईलच्या स्प्रिंगा बसवायच्या. नव्या गाड्यांना त्याच येत होत्या आणि त्या गाड्यांत बसलं की पोटातलं पाणी हलत नाही, असं लोक सांगायचे.

पाट्यांच्या दुकानदारानं पाटे काढायचे, यावर आजूबाजूच्या गॅरेजवाल्यांनी पुष्कळ चेष्टा केली. शेजारचा रेडिएटरवाला म्हणाला, "चचा, उद्या आपल्याच दुकानाला कुलूप लावताय का?" मीही हसलो. मला काम जमणार याची खात्री होती.

भंगारातून एका मोडलेल्या गाडीचं मागचं सामान आणलं. दोन कॉईल, त्यांच्या बुडाच्या आणि डोक्याच्या वाट्या, पुढून मागे जाणारे चार दांडे, आणि एक आडवा दांडा. त्या आडव्या दांड्याचं थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं. पाटा वजन पेलतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण मागचा आस, ज्याला दोन्ही चाकं असतात, तो पुढं-मागं किंवा बाजूला सरकू नये हे कामही पाटाच करतो. कॉईलला ते येत नाही. ती फक्त खालीवर होते. म्हणून पुढं-मागं धरायला ते चार दांडे, आणि वळणावर आस बाजूला सरकू नये म्हणून हा एक आडवा. त्याचं एक टोक आसाला, दुसरं गाडीच्या चेसीला.

वाट्या जोडल्या, चार दांडे जोडले. आडव्या दांड्याचं चेसीकडचं ब्रॅकेट जिथं यायला हवं तिथं डिझेलच्या टाकीचा पत्रा आडवा येत होता. पक्कं वेल्डिंग करायचं तर टाकी उतरवावी लागणार होती. मी ब्रॅकेट तिथं धरून चार ठिकाणी नुसते टाके मारले. म्हणजे कपड्याला कच्ची शिवण घालतात तसं. आधी टाके मारायचे, गाडी भरून बघायची, सगळं जागेवर बसलं की मग पक्कं करायचं, ही आमच्याकडची रीत.

भरून बघणं म्हणजे गाडीत पोती टाकायची आणि ती किती बसते ते पाहायचं. आमच्या भागात गाडीची परीक्षा एवढीच. पेंडीच्या दुकानातून सरकीची पोती आणली, मागं छतापर्यंत लावली. कॉईल दबल्या, गाडी सारखी बसली, एका अंगाला झुकली नाही. मी खाली वाकून प्रत्येक जोड पाहिला. आडव्या दांड्यापाशी गेलो, हातानं हलवून पाहिला. पोत्यांचा भार त्याच्यावर येत नव्हता, तो नुसताच लोंबल्यासारखा होता. तेव्हा मनात आलं ते मला नीट आठवतं. याच्यावर काही वजन येत नाही, हे राहिलं तरी चालेल. मी वजनाचा माणूस. ज्याच्यावर वजन येत नाही त्याला काम असतं, हे मला ऐकून माहीत होतं, पण ते मनाला पटलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आला. सासूबाईंचं जास्त झाल्याचा निरोप होता.

"झाली का रे?"

"झाली. एक जरासं राहिलंय, आल्यावर करतो."

"चालवायला काही अडचन?"

"न्हाई."

वहिनी मागं बसली, आणि दादानं चाचणी म्हणून मुद्दाम खड्ड्यातून गाडी काढली. ती आतून म्हणाली, "अवो भावजी, कळलंच न्हाई की खड्डा." माझ्याशी ती हसून बोलली ते शेवटचंच.

घाटनांदूरच्या वाटेवर, उतारावरच्या एका वळणावर जीपची मागची बाजू बाहेर फेकली गेली आणि गाडी रस्त्याकडेच्या चारीत आडवी झाली. दादाला खरचटलं. वहिनीचं मांडीचं हाड मोडलं. ते नीट जुळलं नाही, पाय आखूड राहिला, ती अजून लंगडत चालते. ती दवाखान्यात असतानाच तिची आई गेली. तिला नेता आलं नाही.

जीप साखळी लावून माझ्या दुकानात आली. मी खाली सरपटत गेलो. ब्रॅकेट दांड्याच्या टोकाला लोंबत होतं आणि चेसीवर चार टाक्यांच्या चार चमकत्या खुणा होत्या. बाकी सगळं शाबूत. आस बाजूला सरकून चाक आतल्या पत्र्याला घासलं होतं. मी कटर पेटवला, वाट्या, दांडे, सगळं कापून काढलं आणि भंगाराच्या ढिगात टाकलं. संध्याकाळपर्यंत जुने पाटे परत चढवले.

दादा आला तेव्हा त्याच्या कपाळाला पट्टी होती. त्यानं विचारलं, "काय सापडलं का?"

मी म्हणालो, "गाडीत काय न्हाई."

तो म्हणाला, "मी मागं वळून बघितलं. ती कायतरी बोलली आन् मी वळून बघितलं." आणि तिथं पाट्यांच्या ढिगावर बसला. मी त्याला चहा मागवला.

वहिनीचा थोरला भाऊ घाटनांदूरहून दवाखान्यात आला होता. त्यानं सगळ्यांसमोर दादाला विचारलं, आणि दादानं हेच सांगितलं, "मी मागं वळून बघितलं." मेव्हणा म्हणाला, "मास्तर, बहीन माझी हाय, ती यील. तुमी नका येऊ." दादा हो म्हणाला. तेव्हापासून दादा घाटनांदूरला गेला नाही. भाच्यांची लग्नं झाली, घरं बांधली गेली, माणसं गेली. दर वेळी वहिनी एकटी. दादा तिला केजच्या स्टँडवर आणायचा, माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जिपेत नीट बसवायचा, ड्रायव्हरला दोनदा सांगायचा, आणि गाडी गेली की माझ्या दुकानात येऊन बसायचा. जीप त्यानं विकली. पुन्हा कुठलीच गाडी हातात धरली नाही. वहिनी घरात उठता-बसता त्याला बोलायची. पाय दुखला की बोलायची, जिना आला की बोलायची. तो ऐकून घ्यायचा. मी तिथंच बसलेलो असायचो.

मला रात्री झोप लागायची नाही, असं काही झालं नाही. झोप लागायची. जेवण जायचं. असं वाटायचं की ते दुसऱ्याच कुणाच्या दुकानात घडलंय. सांगायचं राहिलंय एवढं माहीत होतं, जसं एखादं काम राहिलेलं माहीत असतं.

या वर्षी दादाच्या त्याच मेव्हण्याच्या नातवाचं घाटनांदूरला लग्न निघालं. फोन वहिनीला आला. ती नेसायचं लुगडं काढून बघत होती आणि दादा म्हणाला, "माझं धोतर बी काढ, स्टँडपर्यंत तरी नीट येतो." तो विनोद करत होता. त्याला ऐंशीवं लागलंय. मी तिथंच सांगून टाकलं. आडवा दांडा, टाके, ब्रॅकेट, सगळं. समजावून सांगायला जेवढा वेळ लागला तेवढा लागला.

दादा म्हणाला, "मी मागं वळून बघितलं होतं."

"बघितलं असशील. गाडी त्याच्यानं न्हाई गेली."

"तुला काय म्हाईत? तू व्हतास का तिथं?"

"मी ब्रॅकेट बघितलं, दादा. तुटून लोंबत होतं."

"मी बघितलं होतं," तो म्हणाला. "कावून उगं माझं तू आपल्या अंगावर घेतोस?" त्याचा आवाज चढला. एवढ्या वर्षांत तो माझ्यावर कधी ओरडला नव्हता.

वहिनी लुगड्याची घडी घालत होती. ती म्हणाली, "भावजी, ते टाके पक्के करायला किती येळ लागला असता?"

"टाकी उतरवायचं धरून, तासभर."

"आन् मी इतकी वरसं ह्यांना बोलले." ती उठली, भिंतीला धरून आत गेली. त्या दिवसापासून ती दादाला बोलायची थांबली. घरात आता फार आवाज नसतो. दादानं मला एकदा म्हटलं, "बोलत व्हती तेच बरं व्हतं."

पण घाटनांदूरला सांगणं राहिलं होतं, आणि ते दुसरं कुणी सांगून चालणार नव्हतं. मी एसटीनं गेलो. वहिनीचा भाऊ अंगणात खाटेवर बसला होता, मांडवासाठी आणलेले वासे गाडीतून उतरवणाऱ्या माणसांना हाका मारत. मी जयभीम घातला, त्यांनी घेतला. पाणी आलं. मी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. माणसं वासे टाकत होती, त्यामुळे मला मोठ्यानं बोलावं लागत होतं.

ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "मंजी मास्तरांनी वळून बघितलं न्हाई?"

"बघितलं. पण ते कारण न्हाई."

"मग त्यांनी दवाखान्यात कावून न्हाई सांगितलं, गाडीत बिघाड होता म्हनून?"

"त्याला म्हाईत नव्हतं. मी सांगितलंच न्हाई."

"आमची आई गेली तवा बी?"

"तेव्हा बी."

ते खाटेवरून उठले, मांडवाकडं गेले, कुणाला तरी वासा तिकडं नको इकडं लाव म्हणाले, आणि परत आले. बसले नाहीत. म्हणाले, "मास्तरांना मी आज फोन करतो. त्यांनी यायचं. बहिनीसंग, जोडीनं." मग म्हणाले, "तुमी नका येऊ."

मी बरं म्हणालो. चहा आला होता तो मी घेतला नाही, त्यांनीही घ्या म्हटलं नाही.

लग्नाला दोघं गेले. तिथं दादाला पाहुण्यांच्या ओळीत पुढं बसवलं, आहेर केला, असं दुसरेच कुणी मला सांगत होते. दादानं काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. वहिनी माझ्याशी कामापुरतं बोलते. घाटनांदूरहून लाडवांची पिशवी आली होती, ती दादाच्या घरात आहे. मी दुकानात जाऊन बसतो. पाट्याचं काम आलं की नवा माणूस अजून विचारतो, "चचा, भरून बघू का?" मी म्हणतो, बघ, पण आधी चालवून बघ, वळणावर.