सायबाचं कुत्रं आणि चाचांचा हौद

आमच्याकडं ते कुत्रं आलं वडलांच्या भिडस्तपणामुळं. निजामाचं राज्य होतं, वडील एका इंजिनेर सायबाच्या कचेरीत कारकून. सायब कायमचा विलायतेला निघाला आणि जाताना कुत्र्याची दोरी वडलांच्या हातात देऊन मोकळा झाला. सायबाला नाही म्हणायची टाप कुणाची!

तसलं कुत्रं मी आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. चिंचेच्या रंगाचं, अंगभर दाट कुरळे केस, डोक्यावर झुबका, आणि शेपूट मात्र उंदरासारखी सफाचट. विलायतेत म्हणे त्याला तळ्यावर शिकारीला नेत. बदक पडलं की पाण्यात उडी टाकून तोंडात धरून आणायचं. त्यामुळं पाणी दिसलं की संपलंच! घागरी उपड्या, बादल्या उपड्या, भिश्त्याच्या मागं गल्लीभर धिंगाणा. मुलीच्या जातीनं पळू नये असं आई सांगायची, आणि मी अकरा वर्षांची घोडी दिवसभर त्याच्यामागं पळत असायची. लई जीव होता माझा त्याच्यावर.

आम्ही गुलमंडीच्या बाजारामागं दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. घरमालक म्हातारे, एकटे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. चौकात नहरीच्या, म्हणजे जमिनीखालून येणाऱ्या जुन्या कालव्याच्या, पाण्याचा लहानसा हौद होता. चाचा त्यावर वजू करायचे, म्हणजे नमाजाआधी हात, तोंड, पाय धुवायचे. कुत्र्यानं तोंड घातलेलं पाणी त्यांना चालायचं नाही. म्हणून वडलांनी पहिल्याच दिवशी त्यांना जबान दिली होती, की कुत्रं हौदाला शिवलं तर सोयगावला मामाकडं धाडीन. मामाच्या मळ्यात कुत्री साखळीला असायची, जन्मभर. आमच्या या वेड्याचं तिथं काय झालं असतं, मला विचारच करवत नव्हता.

उन्हाळ्यातली दुपार. आई शेजारी शेवया करायला गेलेली. दाराला कडी घालायची मी विसरले, आणि चौकात धप्पकन आवाज आला.

कुत्रं हौदात मजेत पोहत होतं. हाक मारावी तर चाचा जागे व्हायचे. भाकरी दाखवून कसंबसं बाहेर काढलं, आईच्या जुन्या लुगड्यानं खसाखसा पुसलं. पण पुसून काय होतंय! त्या केसांत पाणी असं मुरलेलं, की लुगडं पिळून पिळून हात दुखले तरी ते गळतच होतं. तेवढ्यात अजान झाली. मी त्याला सरपणाच्या खोलीत कोंडलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिले.

चाचा आले. "पानी हिल रहा. कौन था?"

"मी पाय धुतले," मी म्हणाले. धडधडीत खोटं.

ते बसले, बाह्या सारल्या, ओंजळीनं पाणी घेऊन चूळ भरली. अगं, आता तरी बोल, असं मीच मला म्हणत होते. आणि माझ्या पायामागून, दाराखालून, पाण्याचा ओघळ निघाला. फरशीवरून सरकत थेट त्यांच्यापर्यंत गेला. चाचांनी ओघळाकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. बाह्या खाली केल्या आणि बाहेर गेले.

संध्याकाळी आता बोभाटा होणार म्हणून मी चौकाकडं कान लावून बसले. पण काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र चाचा गल्लीच्या टोकाच्या मशिदीतून लोट्यानं पाणी आणायला लागले. सत्तरीचा माणूस, गुडघे धरलेले, भर उन्हात! वडलांनी विचारलं, हौदाचं पाणी बिघडलं का?

"नै जी. वहाँ का पानी ठंडा है," चाचा म्हणाले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हौद उपसायचा तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगितलं की कुत्रं गेलं. माझ्यापायी तो म्हातारा खोटं बोलत होता.

चौथ्या दिवशी ते उंबऱ्यावर धापा टाकत बसले, हातातला लोटा कलंडला. मला राहवलं नाही. वडलांसमोर जाऊन उभी राहिले. "कुत्रं हौदात गेलं होतं. मीच लपवलं. चाचांना ठाऊक आहे."

वडलांचा चेहरा पडला. चाचा घाईनं उठले. "बच्ची है. जाने दो. कुत्ते कू रैने दो जी."

"जबान माझी होती, चाचा," वडील म्हणाले. मला रागावले असते तर बरं वाटलं असतं. तेव्हाच धोतर खोचून त्यांनी हौद उपसायला घेतला, घासून काढला, नवं पाणी भरलं.

चार दिवसांनी मामाची गाडी आली. कुत्र्यानं स्वतःच गाडीत उडी मारली. त्याला वाटलं, तळ्यावर निघालोय. शेपूट नुसती हलत होती. मामाचा गडी म्हणाला, पोरी, सोड आता. माझ्या हातून दोरी सुटेना. तेव्हा चाचा आले आणि त्यांनी माझी बोटं एकेक करून सोडवली. हौदावरून उठून आले होते, हात अजून ओले होते.