पाठीच्या ऑपरेशनआधी हरवलेली बाई

माझ्या नोकरीतली बरीच प्रकरणं मी विसरलो, काही मुद्दाम विसरलो. मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या ठाण्यात असतानाचं हे प्रकरण मात्र लख्ख लक्षात आहे, आणि आठवलं की मला अजून हसू येतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माणसं त्याच भागातली आहेत, म्हणून नावं कुणाचीच सांगत नाही.

संत्र्याचा हंगाम सुरू झाला होता. सकाळी नऊच्या सुमारास मी ठाण्यात रोजनामचा, म्हणजे रोजच्या नोंदींची वही, पाहत बसलो होतो. एक माणूस तरातरा आत आला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक चप्पल त्यानं माझ्या टेबलावर ठेवली. बायकांची, डाव्या पायाची.

"साहेब, माह्या बहिणीची हाय. पांढुर्णा रोडच्या पुलियापाशी सापडली. बहीण पहाटेपासून घरी नाही. तिच्या नवऱ्यानं काहीतरी केलं."

त्याची बहीण पंचेचाळिशीची. कापूस वेचायला आणि संत्री निवडायला जाणारी. तिचा नवरा तहसील कचेरीत चपराशी. वर्षभरापासून बाईंची कंबर दुखत होती आणि कळ डाव्या पायात घोट्यापर्यंत उतरत होती. त्याच दिवशी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात तिला भरती करायचं होतं, पाठीच्या ऑपरेशनसाठी. "मी पुढं होते, तुम्ही गाठोडं घेऊन या," असं सांगून ती घरून निघाली, पण नवरा स्टँडवर पोचला तेव्हा ती तिथं नव्हती. आदल्या संध्याकाळी नवरा-बायकोचं मोठं भांडण झाल्याचं साऱ्या मोहल्ल्यानं ऐकलं होतं.

मी गुम इंसान कायम केला. हरवलेल्या माणसाच्या नोंदीला आमच्या ठाण्यात असंच म्हणत. चप्पल पंचांसमक्ष जप्त केली. आमच्याकडे कुणी हरवलं की एक शिपाई आधी जामसांवलीला पाठवायची पद्धत होती, कारण घरून रुसून निघालेली निम्मी माणसं तिथल्या मारुतीच्या मंदिराबाहेर सापडत. हे ऐकून भाऊ म्हणाला, "आमी बुद्धाचे लोक, साहेब. ते तिथं कायले जाईन?" तरीही शिपाई गेला. पद्धत ती पद्धत.

नवऱ्याला बोलावलं. उंच, वाकलेला, अतिशय कमी बोलणारा माणूस. काहीही विचारलं की "हो साहेब", नाहीतर "नाही साहेब". भांडण कशावरून झालं, या प्रश्नावर तर तो जमिनीकडे पाहत बसला. माझे हवालदार जबलपूरकडचे, अनुभवी. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "साहब, मामला गडबड है. कुछ छिपा रहा है."

मलाही तसंच वाटत होतं. पण आवाज चढवल्यावर गप्प माणूस आणखी गप्प होतो, हे मी तोवर शिकलो होतो. मी चहा मागवला. तो प्यायला, आणि मी चप्पल त्याच्यासमोर ठेवली.

"ही तिथं कशी पडली? ओढाताण झाली असणार, असं तुमचे साळे म्हणतात."

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "ते तं रोजच सुटते, साहेब. महिना झाला. पायातून निघून जाते अन् तिले समजतही नाही. मी मागून उचलत जातो."

"आणि भांडण?"

त्यानं रिकामा कप खाली ठेवला. मग तो म्हणाला, "दवाखान्यात कागदावर सही मागतली. तिथल्या बाबूनं कागद माह्या हातात देला, मी केली सही. तिले इचारलं नाही. काल तिले कळलं तं म्हणे, पाठ माही अन् सही तुमची? तिले सही येते, साहेब. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकली ते." एवढं बोलून त्यानं डोळे पुसले. जे लपवत होता ते एवढंच होतं.

बाईंचे कागद घेऊन मी गावातल्या सरकारी डॉक्टरांकडे गेलो. चपलेचं ऐकताच त्यांचा चेहरा बदलला. दोन मणक्यांमधली गादी सरकून पायाकडे जाणारी नस दाबली गेली आहे, असं त्यांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. दोन महिन्यांपूर्वी नागपूरला बाईंच्या कमरेत, मणक्याच्या पोकळीत इंजेक्शन दिलं होतं.

"इंजेक्शननं नसेची सूज उतरते, कळ कमी होते," डॉक्टर म्हणाले. "पुष्कळ लोकांचं तेवढ्यावर भागतं, ऑपरेशन लागतच नाही. यांनाही तीन आठवडे आराम पडला होता. पण चप्पल सुटते म्हणजे पाऊल उचलायची ताकद जाते आहे. ते इंजेक्शननं परत येत नाही. दाब काढावा लागेल, तोही लवकर. फार उशीर झाला तर पाय तसाच राहू शकतो."

तोवर मी एका गुन्ह्याच्या मागे होतो. तिथून निघालो तेव्हा बाईंच्या पायासाठी निघालो.

माग काढायला वेळ लागला नाही. पांढुर्ण्याहून परतलेल्या पहिल्या बसचा कंडक्टर स्टँडवरच भेटला. "हो, होती एक बाई. पुलियापाशी चढली. बस रिकामी होती, तरी पांढुर्ण्यापर्यंत उभीच. मी म्हटलं, मावशी, बसा ना. तं म्हणे, बसलं की जास्त दुखते. एका पायात चप्पल नव्हती. उतरून तिगावची गाडी इचारत होती."

नवऱ्याला आणि हवालदारांना जीपमध्ये घेऊन निघालो. नवऱ्याला मी विचारलं, तिगावात तुमचं कोण? कुणीच नाही, तो म्हणाला. पुढं बरंच अंतर गेल्यावर त्याला आठवलं. इंजेक्शनच्या दिवशी दवाखान्याच्या रांगेत कुणीतरी म्हणालं होतं, की तिगावच्या एका रेल्वे गँगमननं हेच ऑपरेशन करून घेतलं आहे.

तिगाव स्टेशनला लागूनच रेल्वेची घरं होती. पहिल्याच अंगणात पंधरा-वीस माणसं जमलेली दिसली. मध्ये एक धिप्पाड माणूस सदरा काढून उभा, त्याच्या कमरेवर बोटभर लांब व्रण. आणि भिंतीला टेकून, एका पायावर भार देऊन, आमची हरवलेली बाई.

"आता बादली खाली ठेवा, भाऊ," ती सांगत होती. "अन् चपलेचा पट्टा लावून दाखवा. वाकून नाही, उकिडवं बसून."

गँगमननं मला पाहिलं आणि हात जोडले. "साहेब, बरं झालं आले तुमी. या बाईनं मले सकाळपासून चार खेपा पाणी आणाले लावलं."

मी बाईंना सांगितलं, तुम्ही हरवल्याची नोंद झाली आहे. त्यांनी आधी "जयभीम, साहेब" म्हटलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. "मी कुठं हरवली? मले तं मालूम होतं मी कुठं हाय."

"मग इथं कशाला आलात?"

"डॉक्टर सांगते, ठीक होईन. भाऊ सांगतो, ठीक होईन. यातल्या कोणाची पाठ कापली काय? ज्याची कापली त्यालेच पाहाले आली." मग त्या गँगमनच्या बायकोकडे वळल्या. "बाई, तुमी खरं सांगा. माणूस आपलं दुखणं लपवते, बायकोले मालूम असते."

ती बाई चुलीवरचं सोडून बाहेर आली होती. म्हणाली, "पायातली कळ गेली, ते खरं. पहिले महिनाभर मीच उठवून बसवलं. पावसाळ्यात आजही कंबर आखडते. जड उचलणं डॉक्टरनं बंद केलं, म्हणून रेल्वेच्या साहेबानं हलकी ड्यूटी देली."

बाईंनी मान हलवली. "पाहा, साहेब. वाईटही सांगतलं. आता विश्वास बसला."

सरकारी डॉक्टरांनी पावलाबद्दल सांगितलेलं मी शब्दाला शब्द त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी स्वतःचं डावं पाऊल वर उचलून पाहिलं, ते नीट उचललं गेलं नाही. मग नवऱ्याला म्हणाल्या, "चला. पण सही मी करीन." तो म्हणाला, "हो." त्या दिवशी त्याच्या तोंडून मी हा शब्द कितीदा तरी ऐकला होता, पण एवढ्या मोकळेपणानं तेव्हाच.

जप्त केलेली चप्पल तिगावच्या अंगणातच, सुपुर्दनाम्यावर, म्हणजे वस्तू ताब्यात दिल्याच्या कागदावर, सही घेऊन परत केली. सही बाईंनीच केली, सावकाश, एकेक अक्षर जोडून. सराव झाला, असं हवालदार पुटपुटले. मग मी दोघांना पांढुर्ण्याहून नागपूरच्या गाडीत बसवून दिलं.

ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं. कळ थांबली. पायाची ताकद यायला मात्र पाच-सहा महिने लागले, आणि अंगठा थोडा कमजोर राहिला तो राहिलाच. वाकून कापूस वेचणं त्यांनी सोडलं, संत्री निवडायचं काम ठेवलं. पुढं माझी बदली होईपर्यंत आसपासच्या गावांतून कंबरेचे रोगी त्यांच्या दारी येऊन त्यांना वाकायला, चालायला लावत. त्या सगळं करून दाखवत आणि अंगठ्याचंही न चुकता सांगत.

प्रकरण बंद करताना बेपत्ता होण्याचं कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, "स्वतःच्या ऑपरेशनची चौकशी करण्यासाठी." वरिष्ठांनी फोन करून विचारलं, "ये क्या लिखा है?" मी म्हटलं, "जो हुआ वही, सर." पलीकडून हसण्याचा आवाज आला.

बाई हरवली की आम्ही पोलीस तिच्यावर काय गुदरलं ते शोधायला निघतो. ती स्वतः काही ठरवून निघाली असेल, हे आमच्या डोक्यात येत नाही. त्या सकाळी भाऊ, नवरा, शेजारी, साऱ्यांना मी हजार गोष्टी विचारल्या, पण तिला काय हवं होतं हे एकालाही विचारलं नाही. त्यानंतर अशी तक्रार आली की घरच्यांना माझा पहिला प्रश्न असे: गेल्या काही दिवसांत तिनं तुम्हाला काय विचारलं होतं, आणि तुम्ही काय उत्तर दिलं? बहुतेक घरांत या प्रश्नावर सगळे एकमेकांकडे पाहू लागत. तपासाला मी तिथूनच सुरुवात करत असे.