साडीवर बैलाचा उजेड

फॅशन फोटोग्राफीतलं माझं एकमेव काम आजही अहमदपूरपासून धर्माबादपर्यंत गुरांच्या व्यापाऱ्यांनी मोबाईलमध्ये जपून ठेवलेलं आहे.

मी अहमदपूरला शाळेत चित्रकला शिकवतो. फॅशनचे फोटो बघून त्यातली मांडणी आणि प्रकाश यांची चिरफाड करणं हा माझा छंद. (घरचे याला आजार म्हणतात.) जेवताना पेपरात साडीची जाहिरात दिसली, की मी तिच्यावर बोट ठेवलंच! "हे बघ, उजेड डावीकडून आलाय. मग उजव्या गालावर सावली का नाही? तर बाजूला पांढरा बोर्ड धरलाय. उजेड त्याच्यावर आपटून परत येतो." यावर माझी बायको सुनंदा शांतपणे म्हणायची, "भाकर गार होऊन राहिली."

तर या सुनंदानं घरी साड्या विकायचं ठरवलं. नांदेडच्या होलसेलवाल्यानं पहिला गठ्ठा विश्वासावर दिला, पण बजावून दिला. "आठ दिवसांत गेल्या न्हाईत तर वापस आणा, ताई. मग दुसरा गठ्ठा मागू नका." सुनंदाचा जीव त्या गठ्ठ्यात अडकला. तिनं बायकांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि साड्या बाजेवर पसरून फोटो काढायला सुरुवात केली.

मला ते बघवेना.

"बाजेवर? अगं, साडी अंगावर दिसायला हवी! मागं शेत, सूर्य मावळतीला, तू अशी तिरपी उभी..."

"पाच मिनिटांत हुईल का?"

"ही कला आहे, सुनंदा!"

"म्हंजे न्हाई हुणार."

तरी आली बिचारी. (तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, याचं मला अजून वाईट वाटतं.)

गावाकडच्या शेतात सुनंदा लालभडक साडी नेसून बाभळीशेजारी उभी राहिली. ऊन डावीकडून, त्यामुळे उजवा गाल काळाठिक्कर. पांढरा बोर्ड माझ्याकडे कुठला? चादर आणली होती, ती वाऱ्यानं उडाली आणि थेट विहिरीत! मी हताश होऊन इकडेतिकडे बघतो, तर गोठ्यापुढे माझ्या वडिलांचा, म्हणजे आबांचा, देवणी बैल सरदार उभा. तोंड तेवढं काळं, बाकी सगळं अंग पांढरंशुभ्र!

"आबा, सरदारला जरा इकडं आणा."

"कशापायी?"

"त्याच्या अंगावरचा उजेड सुनंदाच्या तोंडावर पाडायचाय."

आबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग सुनंदाकडे. "पोरी, ह्यो घरी बी असंच बोलतो का?"

"हाव, आबा," सुनंदा म्हणाली.

पण त्यांनी बैल आणला. आणि खरं सांगतो, उजेड पडला! सुनंदाचा गाल असा उजळला की मी जागेवर उडी मारली. अडचण एवढीच, की सरदारला फोटोच्या बाहेर उभं राहणं मंजूर नव्हतं. एकेक पाऊल टाकत तो आत आला, मान वर केली आणि मावळतीचं सगळं ऊन आपल्या वशिंडावर घेऊन थांबला. फोटोत दोन भाग बैल आणि एक भाग साडी. त्याला कापून टाकायला माझं मन होईना. काय तोलदार मांडणी! बघणाऱ्याची नजर शिंगांवरून घसरत बरोबर पदरावर उतरते, असं माझं विश्लेषण होतं. (नजर पदरावरून शिंगांवर चढत होती.) मी फोटो ग्रुपवर टाकला.

सकाळी सहाला फोन वाजला. सुनंदा धावली.

"हॅलो, बोला ना ताई!"

पलीकडे ताई नव्हत्या. "वैनी, दोन दाती हाय का चार दाती?"

"काय?"

"बैल वो! शिंगाचा एक फोटू समोरून टाका."

बायकांच्या मोबाईलमधला फोटो त्यांच्या नवऱ्यांनी बघितला होता आणि पुढं ढकलला होता. दिवसभर फोन! चाल कशी हाय, औताला धरलाय का, मारका तर न्हाई? साडीचं नाव फक्त एका ताईंनी काढलं. "एवढ्या लाल साडीला बैल बुजला कसा न्हाई?"

सातव्या दिवशी एकही साडी न विकता सुनंदा गठ्ठा परत बांधायला बसली. तिचे डोळे भरले होते. मला स्वतःची खरंच लाज वाटली.

तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. धर्माबादहून उदगीरला लग्नाला निघालेलं वऱ्हाड, खास सरदारसाठी वाट वाकडी करून आलेलं! मी पुरुषांना शेतात घेऊन गेलो. त्यांनी सरदारचे दात बघितले, पाठ थोपटली. आबांनी एका वाक्यात विषय संपवला, "बगा, हात लावा, पर इकायचा न्हाई."

आम्ही हात हलवत परत आलो, तर घरी बाजेभोवती बायकांची झुंबड! दारातल्या साध्या उजेडात, त्याच बाजेवर, गठ्ठा रिकामा झाला होता.

चहा आला. एका मिशीवाल्या पाहुण्यानं विचारलं, "त्यो फोटू कुणी काढला?"

"मी!" माझी छाती फुगली.

"बैल लई झाक आलाय, गुरुजी. पर ती बाई मधी कशाला उभी केली?"

ती बाई तेव्हा त्यांच्या हातात कप देत होती.

आता सुनंदाकडे चौथा गठ्ठा आहे. फोटो तीच काढते, पाच मिनिटांत. साडी नेसून पुतणी उभी राहते आणि माझं कामही ठरलेलं आहे. पांढरा सदरा घालून, हात पसरून, उजव्या बाजूला उभं राहायचं. परवा आबा बघत होते. न राहवून म्हणाले, "सूनबाई, सरदारलाच आणू का? ह्यो लई हलतो."

"नगं आबा," सुनंदा म्हणाली. "सरदार फोटूत आला की लोक त्यालाच बगत्यात. ह्यांचं बरं हाय. मधी आले तरी कुनी इचारत न्हाई."

मागच्या फोटोत मी चुकून निम्मा आलो होतो. भरपूर फोन आले. सगळे साडीसाठीच.