अमेरिकेची पोथी

रायपूरच्या पुरानी बस्तीत आमच्या शेजारी रेल्वेतले एक रिटायर बाबू राहत. त्यांच्याकडे पन्नास वर्षांपूर्वीची अमेरिकन मासिकं होती. रोज संध्याकाळी हातपाय धुऊन, आधी साल सांगून, ते एक मासिक पोथीसारखं वाचत आणि अर्थ सांगत. मोटारीचा भाव, सिनेमाचं तिकीट, टीव्हीपुढे बसलेलं घर. आम्ही बाया वाती वळत ऐकायचो.

मी म्हटलं, "बाबूजी, हे शिळं आहे."

"मग पोथी काय कालची असते, बाई?"

रायपूर राजधानी झाल्यावर समोर सुशीला भाड्यानं राहायला आली. तिचा पोट्टा अमेरिकेत नोकरीला होता. एकदा तिकडं गोळीबार झाल्याची बातमी आली आणि त्याचा फोन लागेना. तिनं पाणीही सोडलं. बाबू तिच्या ओसरीवर जाऊन वाचू लागले. त्या दिवशी साल सांगितलं नाही.

"तिथं दूधवाला बाटल्या दारात ठेवून जाते, कोणी हात नाही लावत. दाराले कुलूप नाही लागत."

"आजचं आहे का हे, भैया?"

"हव," म्हणून त्यांनी पान उलटलं.

मी तोंडाची फटकळ, पण उठून चहा टाकला. सुशीलानं चहा घेतला. दुसऱ्या दिवशी पोट्ट्याचा फोन आला, तेव्हा रात्रभर वाचून बाबूंचा आवाज पार बसला होता.