नव्वद नंबरचं ऑइल

माझा पार्टनर माझ्यापेक्षा चांगला मेकॅनिक आहे. हे एवढं साधं वाक्य कबूल करायला मला तीस वर्षं लागली, आणि लिहिताना अजूनही पोटात दुखतं.

साकीनाक्याच्या एका गल्लीत आमचा दोघांचा गाळा आहे. आम्ही फक्त गिअरबॉक्सची कामं करतो. तो मालवणकडचा, त्याचा बाप गिरणीत होता. माझे वडील जालन्याहून आले आणि मुंबईत मिळेल ते काम करत राहिले. आम्ही दोघं एकाच उस्तादाकडे शिकलो. मी रात्रशाळेतून मॅट्रिक झालो होतो आणि इंग्रजी वाचू शकत होतो, म्हणून उस्ताद मला ‘मास्तर’ म्हणायचा. यात कौतुक कमी आणि चेष्टा जास्त होती. पार्टनर पाचवीत शाळा सोडून आलेला. त्याच्याबद्दल मात्र उस्ताद येईल त्याला सांगायचा, ‘ह्याच्या तळपायाला कान आहेत.’ गाडीत बसून, पेडलवर पाय ठेवून, बॉक्समधला कुठला दात झिजलाय हे तो सांगायचा. खोलून बघितलं की तोच दात. मी तीच गाडी तीनदा फिरवून आणायचो आणि मला फक्त आवाज येतोय एवढंच कळायचं.

बरं, माणूस वाईट असता तर जळायला तरी सोपं गेलं असतं. तसंही नाही. माझ्या मुलीच्या ॲडमिशनला तो माझ्याआधी रांगेत जाऊन उभा होता. अशा माणसावर जळणं म्हणजे दुप्पट त्रास.

मग ती अमेरिकन गाडी आली. अंधेरीच्या एका डेंटिस्ट बाईंची, त्यांच्या वडिलांनी पन्नास-बावन्नच्या सुमारास घेतलेली. लांबलचक, पोट सुटलेली, बाटलीच्या काचेसारख्या हिरव्या रंगाची. स्टुडिओवाले जुन्या काळातल्या सीनसाठी ती शूटिंगला मागायचे. चालवणारा जुना ड्रायव्हर वारला, आणि बाकी कुणाला ती चालवता येईना.

येईना, कारण तिचा गिअर अर्धवट ऑटोमॅटिक होता. आज आपल्याकडे छोट्या गाड्यांमध्ये बिनक्लचचे गिअर आले म्हणून लोकांना नवल वाटतं. अमेरिकेतल्या कंपन्यांनी हे खूळ तेव्हाच डोक्यात घेतलं होतं. गिऱ्हाइकाला क्लच दाबायचा कंटाळा आणि पूर्ण ऑटोमॅटिक बॉक्स महाग, म्हणून सगळ्यांचं मधली वाट शोधणं चाललं होतं. एकाने इंजिन हवा ओढतं त्या जोरावर क्लच आपोआप दाबला जाईल अशी सोय केली. एकाने गिअर आधीच निवडून ठेवायची छोटी दांडी दिली. आमच्या गाडीच्या कंपनीने आधी इंजिन आणि क्लचच्या मध्ये ऑइलने भरलेला एक डबा बसवला. डब्यात समोरासमोर दोन पंखे. टेबलफॅन चालू करून त्याच्यासमोर दुसरा बंद फॅन ठेवला की तोही फिरायला लागतो, तसं. त्यामुळे गिअरमध्ये असताना ब्रेक मारला तरी गाडी बंद पडत नाही. मग त्यांनी मागचा बॉक्स सुधारला. अर्धं काम विजेच्या तारांचं, अर्धं ऑइलच्या दाबाचं. क्लच होता, पण तो निघताना आणि रिव्हर्सला. एकदा गाडीने वेग धरला की ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण उचलायचा आणि थांबायचं. आत ‘टक’ असा आवाज होतो, वरचा गिअर पडतो, मग परत पाय द्यायचा. पुढे काही वर्षांत पूर्ण ऑटोमॅटिक स्वस्त झाले आणि हे सगळे अर्धवट प्रकार भंगारात गेले.

हे ज्ञान माझं, बरं का. बाईंनी गाडीच्या मूळ पुस्तकाची झेरॉक्स दिली होती आणि ती मी दोन दिवस बसून वाचली. तिसऱ्या दिवशी रुबाबात गाडीत बसलो. पुस्तकाप्रमाणे वेग आणला, पाय उचलला. काही नाही. परत केलं, परत काही नाही. आमचा जन्म साध्या गिअरवर गेलेला, पाय उचलला तरी नकळत थोडा टेकूनच राहत होता. आणि थांबायचं म्हणजे किती, ते पुस्तकात नव्हतं.

मग पार्टनर बसला. ‘तू वाच रे, मी करतो,’ म्हणाला. मी वाचलं. मरोळच्या सिग्नलच्या आतच त्याने गिअर पाडला, आणि तोही इतका मऊ की मागे बसलेल्या बाईंच्या हातातली पर्स हलली नाही. बाई म्हणाल्या, ‘बाबांच्या ड्रायव्हरचा पाय असाच होता हो!’ पार्टनर लाजला. आणि मी हातात झेरॉक्सचे कागद धरून बाजूच्या सीटवर बसून होतो.

त्या दिवसापासून बाईंची गाडी म्हणजे तो. गाडी आमच्या गाळ्यावरच राहायला लागली, शूटिंगला तोच जायचा. जुन्या फॅशनची टोपी घालून गाडी चालवतानाचे त्याचे फोटो यायचे. बाई गाळ्यावर आल्या की आधी त्याच्याशी बोलायच्या आणि मग माझ्याकडे वळून ‘तुम्ही बरे आहात ना?’ विचारायच्या. जणू मी आजारीच होतो. एका अर्थी होतोच म्हणा.

मागच्या दिवाळीनंतर बॉक्सच्या सीलमधून गळती सुरू झाली. बॉक्स उतरवला. तो हाताने काम करत होता आणि मी स्टुलावर बसून कागद वाचून दाखवत होतो. कुठला बोल्ट आधी, कुठली जाळी कशी धुवायची, सगळं. हीच आमची तीस वर्षांची पद्धत. त्याने माझ्या वाचण्यावर कधी शंका घेतली नाही आणि मी त्याच्या हातावर. काम संपत आलं तेव्हा बाई आल्या. दारातूनच त्याला म्हणाल्या, ‘तुमच्या हातात आहे म्हटल्यावर मला काळजीच नाही.’ ‘तुमच्या’ म्हणजे त्याच्या. मी कागद धरून बसलेला त्यांना दिसलोच नाही.

बाई गेल्या. पार्टनरने विचारलं, ‘अजून काय लिवलाहा काय रे?’

पान माझ्या समोर होतं. त्यावर जाड अक्षरात होतं की या बॉक्समध्ये गिअर ऑइल घालू नका, दहा नंबरचं पातळ इंजिन ऑइल घाला. ऑइलच्या दाबावरच गिअर पडतो, जाड ऑइलने तो पडणार नाही.

मी म्हणालो, ‘नाही. संपलं.’

त्याने नव्वद नंबरच्या जाड गिअर ऑइलचा कॅन उचलला. कुठलाही मेकॅनिक तेच उचलेल. गिअरबॉक्स म्हटला की हात आपोआप तिकडे जातो. मधासारखी जाड धार आत पडत होती आणि मी बघत होतो. मला वाटलं होतं, एक-दोन दिवस त्याची फजिती होईल, बाईंसमोर नाक खाली होईल, मग मी शोध लावल्यासारखं करून सांगेन. खरंच, एवढंच वाटलं होतं.

गाडी निघाली. त्याने वेग आणला, पाय उचलला. काही नाही. परत, परत काही नाही. सगळ्या तारा तपासल्या. खालचे विजेचे पॉइंट घासले. सगळं ठीक. तिसऱ्या दिवशी तो गाडीतून उतरला आणि फळकुटावर बसून त्याने चप्पल काढली. तळपाय चोळत म्हणाला, ‘मेल्या, माझा पायच गेलो वाटता.’

त्याला दोन वर्षांपूर्वी शुगर निघाली होती. त्याच्या बापाचे पाय शेवटी असेच बधिर झाले होते. हे मला माहीत होतं. माझ्या डोक्यात ते त्या क्षणापर्यंत आलं नव्हतं, पण आलं तेव्हाही मी गप्प बसलो. आता सांगितलं तर ‘तेव्हा का नाही सांगितलंस’ हे येणार. त्या रविवारी सकाळी मी एकटा गाळ्यावर गेलो, नव्वद नंबर काढलं, बॉक्स पातळ ऑइलने धुतला आणि दहा नंबर भरलं. दुपारी बाई आल्या. पार्टनर म्हणाला, ‘आज मास्तरला चालवू दे.’

रविवारी कारखान्यांचे रस्ते मोकळे असतात. डोक्यावरून विमान उतरत होतं. मी वेग आणला, पाय उचलला आणि मनात दोन आकडे मोजले. टक.

बाईंनी मागून टाळी वाजवली. पार्टनर बाजूच्या सीटवर होता, त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. ‘झकास रे!’ म्हणाला आणि मग आपल्या पायाकडे बघत बसला. मी म्हटलं, ‘आता तू घे.’ मनातून मला भीती होती की तो घेईल. तो म्हणाला, ‘नको. बाईंसमोर परत वाट लागायला नको.’

म्हणजे मला हवं ते मिळालं. शूटिंगला मी जायला लागलो. टोपी माझ्या डोक्यावर आली. पण सुख काही लागेना. एकदा उतरताना बाई म्हणाल्या, ‘तुम्हीही छान चालवता. त्यांचं जरा वेगळंच होतं, नाही?’ माणूस गाडीला हात लावत नव्हता, तरी गाडी त्याचीच. मी घरी येऊन जेवलो नाही.

त्याने दुसऱ्या गाड्याही चालवणं सोडलं. ट्रायलला मीच जायचो, तो बाकावर बसून पार्ट धुवायचा. डॉक्टरने तळव्यांना सुई टोचून बघितली आणि पाय ठीक आहेत म्हणून सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या डॉक्टरकडे मीच त्याला रिक्षाने घेऊन गेलो. बाहेरच्या बाकावर त्याची चप्पल सांभाळत बसलो होतो.

उन्हाळ्यात एक बेअरिंग आणायला त्याच्या घाटकोपरच्या घरी गेलो. तो औषधं आणायला खाली गेला होता. वहिनींनी चहा टाकला आणि हळूच म्हणाल्या, ‘भावजी, तुम्ही तरी समजवा ना ह्यांना. रोज संध्याकाळी खाटेवर बसतात, खाली पाट ठेवतात आणि त्यावर पाय दाबतात नि उचलतात, दाबतात नि उचलतात. विचारलं तर म्हणतात, मास्तरला जमलं ते मला का जमत नाय ते बघतोय. पावसाच्या आधी गाळ्यातनं नाव काढून गावाला जायचं म्हणतात.’

मी कप तसाच खाली ठेवला. तो माझा हेवा करत होता. तीस वर्षं मला हेच हवं होतं, आणि मिळालं तेव्हा मला स्वतःची किळस आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाळा उघडल्या उघडल्या मी सगळं सांगितलं. उभ्याउभ्याच सांगितलं, बसायची हिंमत नव्हती. तो रॉकेलने हात धूत होता, धूतच राहिला.

‘पान हातात होतं तुझ्या?’

‘हो.’

‘मी विचारलेलं, अजून काय लिवलाहा काय?’

‘हो.’

त्याने फडक्याने एकेक बोट पुसलं. मला वाटलं आता पाना फेकून मारेल. मारायला हवा होता. तो म्हणाला, ‘गावच्या घराच्या पायऱ्यांना कठडा बांधून घेतला रे मी. भावाला सांगितलं, आता मला धरून चालायला लागेल.’ एवढंच बोलला, आणि खिळ्यावरची हिरव्या गाडीची किल्ली काढून गाडी घेऊन गेला. मला बस म्हणाला नाही. मी दारात उभा होतो. गल्लीच्या तोंडाशी गाडीने वेग धरला, इंजिनाचा आवाज खाली आला आणि गिअर पडला. इतक्या महिन्यांनी बसून, पहिल्याच फटक्यात. आणि खरं सांगतो, मला हायसं वाटलं त्याच्या आधी पोटात दुखलं.

तो गावाला गेला नाही. रोज वेळेवर येतो, चहा दोन मागवतो, माझ्या मुलीची चौकशी करतो. कामापुरतं सगळं नीट चाललंय. बघणाऱ्याला काही कळणार नाही.

फक्त इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे देत नाही. घडी घालून खिशात टाकतो आणि रस्ता ओलांडून समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जातो. तिथला माणूस बी.कॉम. आहे, त्याला गाड्यांमधलं ओ की ठो कळत नाही. तो अडखळत वाचतो, अर्धं चुकीचं वाचतो. पार्टनर काउंटरवर कोपर टेकून, मान खाली घालून लक्ष देऊन ऐकतो आणि मध्येच विचारतो, ‘अजून काय लिवलाहा?’ मी स्टुलावर बसून बघत असतो. आता मी त्या झेरॉक्सवाल्यावर जळतो.