पाहुण्यासाठी भरलेले खड्डे

आमच्याकडे लग्न ठरलं की आधी वाट करतात, मांडव नंतर. वऱ्हाड यायच्या दोन दिवस आधी घरटी एक माणूस कुदळ-घमेलं घेऊन निघतो. खड्ड्यांत मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, धुमसानं ठोकून ठोकून सपाट करायचं. पाहुण्याला ठेच लागली तर गावाचं नाव जातं. आणि एक गोष्ट आम्हाला लहानपणापासून सांगितलेली, आपला रस्ता वाईट आहे असं बाहेरच्याला बोलायचं नाही. मग गावाला कोणी पोरी देत नाही. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, ही बाई वेडी होती काय.

आमचा पाडा खोडाळ्याच्या मोठ्या रस्त्यापासून आत. मधे दोन ओढे आणि एक चढ. उन्हाळ्यात जीप कशीबशी यायची. पावसात माणूस आणि बकरी, बाकी कोणी नाही.

माझा एकच मुलगा. तो भिवंडीला दुसऱ्याचा टेम्पो चालवायचा, सून पण तिकडेच. त्याला तिथं राहायचं नव्हतं. जव्हारला गॅरेजवाले एक चाचा होते, त्यांच्याकडे एक जुनी जीप उभी होती. मुलाचं म्हणणं, ती आपण भागीत चालवू, खोडाळा-मोखाडा शिटा भरून फेऱ्या मारू, आणि घरी राहू. मी स्वतः त्याच्याबरोबर गेले चाचांकडे. चाचा हात पुसत बाहेर आले. म्हणाले, "मावशी, पोराचा हात पक्का आहे तुमच्या. गाडी देतो. पण तुमच्या पाड्यात चार महिने अडकून पडली तर मी काय, तिला गवत टाकायला येऊ? रस्ता होऊ द्या. त्या दिवशी चावी याच्या हातात."

म्हणजे रस्ता झाला तर माझा मुलगा घरी. नाही झाला तर भिवंडी. एवढं सोपं होतं ते.

भात झोडून झालं होतं तेव्हाची गोष्ट. शाळेचे गुरुजी सांगत आले की परवा साहेब येणार, रस्ता तपासायला. सगळ्या देशाचे रस्ते लिहून काढायचं काम चाललंय, कुठला कसा आहे ते. आपलापण लिहिणार. मी म्हटलं, बघा, देश मोजत मोजत आपल्या ओढ्यापर्यंत आला! मग मी काय गप्प बसते? घरोघर फिरले. म्हटलं, "अगं, उठा. लग्नाला करता तशी वाट करा. ह्याच्यापेक्षा मोठा पाहुणा कधी यायचा नाही."

एक म्हातारी म्हणाली, "नवरी कोण मग? तू?"

"मीच. हळद तू लाव."

हसत हसत दोन दिवस सगळा पाडा राबला. ओढ्यात दगड रचले, वर मुरूम. चढावरचे खड्डे मी स्वतः भरले. पाड्याच्या तोंडाशी तर आम्ही शेणानं सारवलं होतं. खोटं नाही सांगत, सारवलं होतं.

साहेब जीपमधून आले. जीपच्या मागं एका चाकाचा लहानसा गाडा जोडलेला. त्या म्हातारीनं लगेच विचारलं, "साहेब, वासरू मागं बांधून आणलं का?"

साहेब पण हसले. सांगितलं, हा गाडा गचके मोजतो. रस्ता जितका खराब, तितके आकडे जास्त. आमच्या वाटेवर ते वासरू काही उधळलं नाही. शहाण्यासारखं चालत आलं. आम्ही सगळ्या कडेला उभ्या, पदर डोक्यावर घेऊन, खुशीत.

मी त्यांना चहा दिला. त्यांनी कागद मांडीवर घेऊन विचारलं, "आजी, पावसाळ्यात गाडी येते का इथपर्यंत?"

तोंडातून निघून गेलं, "येते ना साहेब. का नाही येणार? तुम्ही याच पावसात, नागलीची भाकर खायला."

आता तुम्हीच सांगा, दारात बसलेल्या पाहुण्याला कोण म्हणतं, आमच्याकडे येता येत नाही?

मी शाळेत कधी गेले नाही. एस.टी.च्या पाट्या आणि रस्त्यावरचे दगड वाचत वाचत अक्षरं शिकले. साहेबांनी लिहिलं ते मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. ‘रस्ता चांगला. गाडी बारमाही.’ मला इतका आनंद झाला! मला वाटलं, हुशार पोराला वरच्या वर्गात घालतात, तसं चांगल्या रस्त्याला डांबर मिळत असेल. मी मुलाला निरोप पाठवला, पास झालो.

कुठल्या रस्त्यांना डांबर, ती यादी लागली होळीनंतर. मोखाड्याला कचेरीच्या भिंतीवर कागद होता, मी बोट ठेवून खालपर्यंत वाचला. शेजारच्या पाड्याचं नाव होतं. तिथं कोणी काही भरलं नव्हतं. त्यांच्याकडे साहेबांची जीपच रुतली होती, पाच माणसांनी ढकलली. आमचं नाव नव्हतं. तिथल्या शिपायाला विचारलं. तो म्हणाला, "बाई, तुमचा रस्ता चांगला आहे. चांगल्याला कशाला पैसे घालतील?"

मी बरं म्हटलं आणि एस.टी.त बसले. मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. घरी नागली दळायची होती, दळली. पहिल्याच पावसात आमचा मुरूम ओढ्यानं नेला, तो मी ओट्यावरून बघितला. जसं दुसऱ्या कुणाच्या शेतातलं पाणी बघावं, तसं. चाचांनी वाट बघून जीप दुसऱ्याला दिली, त्यांचा तरी काय दोष? मुलगा मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर चाललं असतं.

बऱ्याच वर्षांनी पुन्हा तपासणीवाले आले, तेव्हा मी चहाच्या आधी सांगितलं, "पावसात गाडी येत नाही. लिहा." त्यांनी लिहिलं. दोन उन्हाळ्यांनी डांबर पडलं, ओढ्यांवर मोऱ्या झाल्या. सगळा पाडा नारळ फोडायला गेला. मीपण गेले, खोबरं घेऊन घरी आले.

तोपर्यंत नातू भिवंडीच्या शाळेत चौथीला होता. आधी मुलगा यायचा तर खोडाळ्यावरून चालत, भिजून, मग दोन रात्री राहायचाच. राहावंच लागे. डांबर पडल्यावर पहिल्यांदा आला तो मित्राची गाडी घेऊन, थेट दारात. सून, नातू, सगळे. मुलगा चढाकडे बघत म्हणाला, "आये, इथं तो मोठा खड्डा होता ना?"

"होता," मी म्हटलं.

मी भाकरी टाकल्या, ते जेवले. मी त्यांच्यासाठी गोधड्या उन्हात घातल्या होत्या. सून म्हणाली, "आई, कशाला काढल्यात? आता रस्ता चांगला आहे ना, दिवस बुडायच्या आत पोहोचतो आम्ही."

चारला निघाले. धूळसुद्धा उडाली नाही. मी गोधड्या घडी करून आत ठेवल्या.